फँटसी चित्रपट, चाहत्यांचे वाद आणि इंटरनेटवरची कात्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फँटसी कादंबऱ्यांवरून निघालेल्या चित्रपटांविषयी आणि मालिकांविषयी वाचक जे प्रश्न पाठवतात, त्यांतले बरेचसे एकाच तक्रारीपाशी येऊन थांबतात: अमुक दाखवले नाही, तमुक काढून टाकले, म्हणजे ही सेन्सॉरशिपच. काही वेळा ही तक्रार रास्त असते, पण अनेकदा कात्री भलत्याच हातात असते आणि शिव्या मात्र दुसऱ्यालाच बसतात. कायद्याविषयीची उत्तरे भारतापुरती आहेत. ती सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत, वकिलाचा सल्ला म्हणून नव्हे.

१. कादंबरीतले पात्र किंवा प्रसंग चित्रपटात घेतलाच नाही, तर ती सेन्सॉरशिप होते का?

होत नाही. टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरून पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या काळात प्रदर्शित केलेल्या तिन्ही चित्रपटांत टॉम बॉम्बाडिल हे गूढ पात्र नाही, ग्लॉरफिंडेल या एल्फ योद्ध्याच्या जागी आर्वेन ही एल्फ राजकन्या आहे आणि शायरच्या, म्हणजे नायकांच्या मायभूमीच्या, मुक्तीचे अखेरचे प्रकरण पूर्णपणे गाळलेले आहे. या तिन्ही निर्णयांवर गेली वीसहून अधिक वर्षे भांडणे चालू आहेत आणि ती चालू राहावीत, कारण त्यांतून मूळ कादंबरीचे चांगले वाचन घडते. मात्र हे निर्णय पटकथा लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या मर्जीने घेतले. त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती आणि कादंबरी वाचकाच्या हातून कोणी हिसकावली नव्हती. सेनानी फारामिरला नायक फ्रोडोला घेऊन ऑस्गिलियाथ या शहरापर्यंत फरपटत जायला लावणे ही आमच्या मते चूक होती, पण चुकीचे रूपांतर ही एक गोष्ट आणि दडपशाही ही दुसरी.

२. आणि चित्रित करूनही शेवटी काढून टाकलेले प्रसंग?

तेही संकलनच. ‘रिटर्न ऑफ द किंग’ या तिसऱ्या चित्रपटातल्या सारुमान या दुष्ट जादूगाराचे उदाहरण वाचक सर्वाधिक वेळा देतात. कादंबरीत त्याचाच सेवक वर्मटंग त्याला शायरमध्ये मारतो. चित्रपटासाठी त्याचा मृत्यू ऑर्थँक या त्याच्या मनोऱ्यावर चित्रित झाला होता, परंतु २००३ साली चित्रपटगृहांत दाखवलेल्या प्रतीत तो प्रसंगच नव्हता. त्यामुळे आधीच्या दोन चित्रपटांत एवढा मोठा झालेला खलनायक तिसऱ्यात दिसलाच नाही आणि ती भूमिका करणाऱ्या ख्रिस्तोफर ली यांनी आपली नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. पुढल्या वर्षी आलेल्या, चार तासांहून मोठ्या विस्तारित आवृत्तीत हा प्रसंग परत आला. वगळलेला भाग निर्माता स्वतःच नंतर विकायला काढतो, तेव्हा त्याने तो लपवला असे म्हणण्यात अर्थ नसतो. फार तर तो दोनदा पैसे घेतो असे म्हणता येईल.

३. ॲमेझॉनच्या ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ मालिकेत टॉल्किन यांच्या ‘सिल्मॅरिलियन’ या पुस्तकातला इतिहास टाळला आहे. हे कोणाच्या दबावाखाली झाले?

करारामुळे झाले. ॲमेझॉनने २०१७ साली सुमारे २५ कोटी डॉलर मोजून जे हक्क घेतले, ते मुख्यतः ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी आणि तिची परिशिष्टे यांच्यापुरते होते. ‘सिल्मॅरिलियन’चे हक्क त्यात नव्हते. म्हणून दुसऱ्या युगाची, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या बऱ्याच आधीच्या काळाची, कथा सांगताना परिशिष्टांत जेवढे धागे आहेत तेवढेच लेखकांच्या हाती होते आणि मधल्या जागा त्यांना स्वतःच भराव्या लागल्या. त्यांनी त्या कशा भरल्या यावर टीका अवश्य करावी. परंतु “अमुक प्रसंग मुद्दाम दडवला” असा आरोप करण्यापूर्वी तो प्रसंग वापरण्याचा त्यांना अधिकार तरी होता का, हे पाहून घ्यावे.

४. धार्मिक संघटनांच्या भीतीने निर्मात्यानेच कथा बोथट केली, तर त्याला काय म्हणायचे?

वाचकांकडून आलेल्या प्रश्नांत हा सर्वांत अवघड आहे, कारण येथे प्रश्न १ मधला सोपा नियम पुरत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे डिसेंबर २००७ मध्ये आलेला ‘द गोल्डन कंपास’. फिलिप पुलमन यांच्या १९९५ च्या कादंबरीत मॅजिस्टेरियम ही उघड उघड चर्चची सत्ता आहे आणि तिच्याशी लढा हाच त्या कादंबरीत्रयीचा कणा आहे. चित्रपटात मात्र मॅजिस्टेरियम ही माणसांनी कसे वागावे हे ठरवणारी एक मोघम हुकूमशाही संस्था होऊन बसते. इतके करूनही अमेरिकेतील कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिलीच. संघटनेचा युक्तिवाद असा होता की, चित्रपट सौम्य असल्यामुळे मुले मूळ पुस्तकांकडे वळतील. म्हणजे बोथट करण्यामुळे विरोधकांचे समाधान झाले नाही आणि वाचकही दुखावले गेले. त्यात भर म्हणून कादंबरीची शेवटची प्रकरणे पुढल्या भागासाठी राखून ठेवली आणि तो पुढला भाग कधी निघालाच नाही. सुमारे १८ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाला अमेरिकेत जेमतेम ७ कोटींची कमाई झाली. अमेरिकेबाहेर तो बरा चालला, हेही नमूद केले पाहिजे.

कायद्याच्या भाषेत ही सेन्सॉरशिप नाही, कारण कोणत्याही सरकारी यंत्रणेने काही कापले नाही. तरीही हा निव्वळ कलात्मक निर्णय होता असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. बाहेरच्या नाराजीचा आधीच अंदाज बांधून स्वतःच्या हाताने केलेली ही काटछाट आहे आणि तिच्याविरुद्ध दाद मागायला कोणतेही कार्यालय नसते. दिलासा एवढाच की मूळ कृती शाबूत राहते आणि दुसरा कोणी ती पुन्हा हाती घेऊ शकतो. २०१९ ते २०२२ या काळात बीबीसी आणि एचबीओ यांनी मिळून केलेल्या मालिकेत मॅजिस्टेरियमचे धार्मिक स्वरूप बरेचसे परत आले.

५. भारतात चित्रपटगृहात दाखवायच्या परदेशी फँटसी चित्रपटाला कात्री कोण लावते?

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपण ज्याला सवयीने सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते. त्याचे मुख्यालय मुंबईत आहे आणि त्याचे अधिकार १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातून येतात. चित्रपट परदेशी असो वा देशी, प्रमाणपत्राशिवाय तो चित्रपटगृहात लावता येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा) या प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन पोटभेद झाले. वयानुसार वर्गवारी अधिक बारीक झाली की कापाकापी कमी होईल, अशी अनेकांची अपेक्षा होती.

ती अपेक्षा कितपत पुरी झाली, हे जुलै २०२५ मध्ये कॉमिक्सवर आधारित ‘सुपरमॅन’च्या वेळी दिसले. १३ वर्षांवरील गटाचे प्रमाणपत्र देतानाही मंडळाने चुंबनाचे ३३ सेकंदांचे दृश्य काढायला लावले. इमारती कोसळण्याची दृश्ये पडद्यावर राहिली आणि दोन प्रौढ माणसांचे चुंबन तेवढे गेले, यावर चाहत्यांनी जी चेष्टा केली ती अगदी योग्य होती. येथे ‘सेन्सॉरशिप’ हा आरोप शंभर टक्के लागू पडतो.

६. मंडळाचा निर्णय मान्य नसेल, तर प्रेक्षक म्हणून मला अपील करता येते का?

येत नाही. कायद्यात अपिलाची तरतूद प्रमाणपत्रासाठी अर्ज करणाऱ्यासाठी, म्हणजे निर्माता किंवा वितरकासाठी आहे. त्यांच्यासाठी असलेले अपील न्यायाधिकरणही एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाले आणि तेव्हापासून त्यांना थेट उच्च न्यायालयात जावे लागते. परदेशी चित्रपटाची पहिल्या आठवड्याची कमाई एवढी मोलाची असते की, तेहतीस सेकंदांसाठी कोर्टाची पायरी चढण्याऐवजी वितरक निमूटपणे दृश्य कापून देतो. कात्री चालत राहण्याचे हे एक अगदी व्यावहारिक कारण आहे.

७. ओटीटीवर सेन्सॉर बोर्डाचा अधिकार चालत नाही, हे खरे आहे का?

खरे आहे. ओटीटीला चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी कंपन्यांनी आपल्या कार्यक्रमांचे वयानुसार वर्गीकरण स्वतः करायचे आहे, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे आणि त्याच्या वर स्वनियमन संस्था व शेवटी केंद्र सरकार अशी त्रिस्तरीय रचना आहे. या नियमांतील आचारसंहितेशी संबंधित ९(१) आणि ९(३) या उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती.

कायदा सक्ती करत नसतानाही काही वेळा चित्रपटगृहातली कापलेलीच प्रत ओटीटीवर चढवली जाते. कंपनीला तक्रारींचे लचांड मागे लावून घ्यायचे नसते. हा प्रकार प्रश्न ४ मधल्या काटछाटीच्या जवळचा आहे.

८. एकच मालिका टीव्हीवर कापलेली आणि ओटीटीवर अखंड का दिसते?

दोन माध्यमांना दोन वेगळे कायदे लागू होतात म्हणून. टीव्ही वाहिन्यांवर १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखालील कार्यक्रम संहिता लागू असते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ भारतीय वाहिनीवर दाखवताना नग्नतेची आणि हिंसेची दृश्ये काढलेली असत, तर हॉटस्टारवर ती मालिका न कापता उपलब्ध होती. परदेशातही असे फरक असतात. चीनमध्ये ही मालिका टेन्सेंट या तेथील कंपनीच्या ओटीटीवर काटछाट करूनच दिसत असे आणि मे २०१९ मध्ये तिचा शेवटचा भाग तेथे ठरल्या वेळी आलाच नाही. कारण म्हणून ‘प्रसारणातील अडचण’ एवढेच सांगण्यात आले.

९. मी लिहिलेले परीक्षण किंवा प्रतिक्रिया संकेतस्थळाने काढून टाकली. हा माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग नाही का?

राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदातले स्वातंत्र्य मुख्यतः सरकारच्या विरोधात मिळते. खासगी संकेतस्थळाने स्वतःच्या नियमांनुसार मजकूर काढला, तर बहुतेक वेळा तो त्याच्या घरचा कारभार असतो. तो कारभार अन्यायाचा असू शकतो, पण घटनाभंग नव्हे.

या विषयात वाचक बहुधा सप्टेंबर २०२२ चे उदाहरण देतात. ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ सुरू झाली तेव्हा ॲमेझॉनने प्रेक्षकांची परीक्षणे ७२ तास रोखून धरली आणि मग तपासून प्रसिद्ध केली. मालिका न पाहताच, कलाकारांच्या वर्णावरून, एका ताऱ्याचा पाऊस पाडणारे त्या वेळी खरोखरच होते. पण मालिकेची निर्माती, विक्रेती आणि परीक्षणांची पहारेकरी एकच कंपनी असेल, तर तिच्या हेतूवर शंका घेणाऱ्यालाही दोष देता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

भारतात उपाय असा आहे: समाजमाध्यम असेल तर आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. वकील लागत नाही. मजकूर कॉपीराइटच्या कारणाने काढला असेल, तर प्रश्न ११ पाहावा.

१०. मी स्पॉयलर, म्हणजे कथेतले रहस्य आधीच फोडणारा मजकूर, लिहिला म्हणून चर्चा-समूहातून मला काढले. ही गळचेपी नव्हे का?

नव्हे.

११. आम्ही चाहत्यांनी मिळून केलेला व्हिडिओ स्टुडिओच्या दाव्यामुळे उडवला गेला. तो परत आणता येतो का?

येऊ शकतो, पण त्यासाठी व्हिडिओ कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे लागते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार टीका, परीक्षण आणि खासगी अभ्यास यांसाठी दुसऱ्याच्या कृतीचा रास्त वापर करता येतो. दहा मिनिटांच्या विवेचनात चित्रपटाचे वीस सेकंद दाखवून त्यांवर बोलणे या सवलतीत बसण्याची शक्यता चांगली असते. ‘हॉबिट’चे तीन चित्रपट कापून कादंबरीच्या जवळ जाणारा एकच चित्रपट तयार करणे, हा उद्योग कितीही कौतुकास्पद असला तरी, सवलतीत बसणे अवघड आहे.

चुकीने उडवलेला व्हिडिओ परत येतो याचे नामांकित उदाहरण मे २०२४ मधले आहे. ‘द हंट फॉर गॉलम’ नावाचा चाहत्यांनी केलेला लघुचित्रपट २००९ पासून यूट्यूबवर होता. वॉर्नर ब्रदर्सने त्याच नावाच्या स्वतःच्या नव्या चित्रपटाची घोषणा केली आणि लगोलग जुना लघुचित्रपट कॉपीराइटच्या दाव्याखाली दिसेनासा झाला. चाहत्यांचा गदारोळ उठल्यावर तो लवकरच पूर्ववत झाला. पंधरा वर्षे कोणाला न खुपलेली गोष्ट घोषणेनंतर लगेच खुपावी, यावरून असे दावे किती विचार करून केले जातात ते दिसते.

भारतीय कायद्याखाली तक्रार आल्यास मध्यस्थ संकेतस्थळाला तो दुवा २१ दिवसांपर्यंत बंद ठेवावा लागतो. त्या मुदतीत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर दुवा पुन्हा सुरू करता येतो. यूट्यूब मात्र मुख्यतः अमेरिकी कायद्याच्या पद्धतीने चालते. तेथे दाव्याला हरकत घेणारी ‘प्रतिसूचना’ पाठवावी लागते आणि त्यात आपले खरे नाव व पत्ता समोरच्याला कळतो, हे टोपणनावाने वावरणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

१२. एखादे संकेतस्थळ भारतात उघडतच नाही. ते कोणी बंद केले हे कसे कळणार?

बहुतेक वेळा कळत नाही आणि आमच्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे. बॉम्बाडिलवर हजारो प्रतिक्रिया येतात, मात्र यावर पाच-दहाच.

बंदी मुख्यतः दोन वाटांनी येते. पहिली वाट म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ, ज्याखाली केंद्र सरकार देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी मजकूर बंद करू शकते. या आदेशांविषयी प्रश्न १३ पाहावा. दुसरी वाट म्हणजे न्यायालये. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच निर्माता ‘अज्ञात प्रतिवादी’ विरुद्ध दावा लावतो, संशयित संकेतस्थळांची यादी देतो आणि मनाई हुकूम मिळवतो. त्याला आपल्याकडे ‘अशोक कुमार’ आदेश असेही म्हणतात.

यादी कशी असते यावर सारे अवलंबून असते. २०१२ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका आदेशाचा आधार घेत इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ (व्हिडिओंचे संकेतस्थळ) आणि पेस्टबिनसुद्धा (मजकूर साठवण्याचे संकेतस्थळ) बंद करून टाकले. केवळ विशिष्ट दुवे बंद करायचे होते, असे न्यायालयाला नंतर स्पष्ट करावे लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांसाठी अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळांची यादी दिली गेली आणि तिच्यात चक्क इंटरनेट आर्काइव्हचा समावेश होता. जुनी पाने जपून ठेवणारे हे ग्रंथालय भारतातील अनेक वाचकांना त्या काळात उघडता येत नव्हते.

याउलट मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात सरसकट बंदी नाकारून, पडताळलेल्या नेमक्या दुव्यांचा आग्रह धरला. बंद पानाच्या जागी कोणत्या आदेशाने बंदी आली आणि आक्षेप असल्यास दाद कोठे मागायची हे वाचकाला दिसले पाहिजे, असेही त्या न्यायालयाने सांगितले. हा साधा शहाणपणा सर्वत्र अमलात आला असता, तर हा प्रश्न विचारण्याची वेळ आली नसती.

१३. सरकारी बंदी आदेशाची प्रत माहितीच्या अधिकारात मिळते का?

सहसा मिळत नाही. कलम ६९अ खालच्या २००९ च्या नियमावलीतील नियम १६ नुसार बंदीविषयीच्या तक्रारी आणि कार्यवाही गोपनीय राहते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात कलम ६९अ वैध ठरवले, पण आदेशात कारणे लेखी नोंदवलेली असतात आणि त्याला रिट याचिकेने आव्हान देता येते, या गोष्टींवर भर दिला. जो आदेश पाहायलाच मिळत नाही त्याला आव्हान कसे द्यावे, हा पेच त्यानंतरही कायम आहे.

१४. बंद संकेतस्थळ किंवा परदेशातली न कापलेली प्रत व्हीपीएनने पाहणे गुन्हा आहे का?

व्हीपीएन, म्हणजे आपण इंटरनेटवर दुसऱ्या ठिकाणाहून आल्यासारखे दाखवणारी सेवा, वापरणे हा देशभर लागू असलेल्या कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. काही जिल्ह्यांत स्थानिक आदेशांनी त्यावर बंदी घातल्याची उदाहरणे मात्र आहेत. केंद्र सरकारच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक केल्यावर अनेक मोठ्या कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. परदेशी ओटीटीची वर्गणी भरून व्हीपीएनने पाहिल्यास कंपनीच्या अटींचा भंग होऊ शकतो आणि खाते बंद पडू शकते. चोरीची प्रत व्हीपीएनने उतरवली म्हणून ती अधिकृत होत नाही.

१५. प्रसारणाआधीच फुटलेला भाग नुसता पाहिला, तर पोलीस पकडतील का?

‘ढिशूम’च्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नोंदवले होते की बेकायदा प्रत नुसती पाहणे हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही. परवानगीवाचून ती वाटणे, विकणे किंवा जाहीरपणे दाखवणे हा गुन्हा आहे. टोरेंटने (वापरकर्त्यांनी एकमेकांना फाइल पुरवण्याच्या पद्धतीने) उतरवणारा बहुतेकदा त्याच वेळी इतरांना प्रत पुरवतही असतो, त्यामुळे तो ‘नुसता प्रेक्षक’ राहत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सातव्या पर्वाचा चौथा भाग भारतातूनच फुटला, तेव्हा मुंबईत चौघांना अटक झाली. हे चौघे प्रत बाहेर काढल्याच्या संशयावरून पकडले गेले होते, प्रेक्षक म्हणून नव्हे. चित्रपटगृहात पडद्याचे चित्रीकरण करणे हा तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी किमान तीन महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो.

१६. शीर्षक बदला, शेवट बदला अशा ऑनलाइन याचिका म्हणजे चाहत्यांनीच केलेली सेन्सॉरशिप नाही का?

मागणी करणे म्हणजे बंदी घालणे नव्हे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे आठवे पर्व पुन्हा करा, अशा याचिकेवर २०१९ मध्ये १५ लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि एचबीओने ते पुन्हा केले नाही. तो निषेध होता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या भागाचे ‘द टू टॉवर्स’ हे नाव न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांची आठवण करून देते, म्हणून ते बदलावे अशी याचिकाही फिरली. ती बहुधा थट्टा होती. कादंबरी १९५४ ची, म्हणजे ते मनोरे बांधून होण्याच्या कितीतरी आधीची आहे, हे सांगण्यात चाहत्यांचे दिवसच्या दिवस गेले. ‘मी पाहणार नाही’ म्हणणारा चाहता आपला हक्क बजावत असतो. ‘कोणालाच पाहू देणार नाही’ म्हणणारा मात्र वेगळा आणि त्याची मागणी सरकारने उचलून धरली, तर प्रकरण प्रश्न १२ मध्ये जाते.

१७. चित्रपटावर जहरी टीका लिहिली म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो का?

चित्रपट वाईट आहे असे म्हणणे गुन्हा नाही. मात्र कलाकाराची किंवा दिग्दर्शकाची बदनामी केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, आणि जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावल्यास कलम २९९ लागू होऊ शकते. पौराणिक कथांवरील चित्रपटांच्या वादात दुसऱ्या कलमाचे नाव वारंवार निघते, म्हणून तेथे लिहिताना चित्रपटावर बोलावे, श्रद्धेवर नव्हे.

काही वाचक अजूनही माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणाऱ्या कलम ६६अ ची भीती व्यक्त करतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा हे कलम देशभर चर्चेत आले. त्यातूनच उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरही काही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये आणि प्रलंबित प्रकरणांतून ते वगळावे. तुमच्या नावे आलेल्या नोटिशीत हे कलम दिसले, तर लेखी उत्तरात या दोन्ही निर्णयांचा उल्लेख करावा आणि उत्तराच्या प्रतीवर पोहोच घ्यावी.